पहिला वाटा

१

चाकणमध्ये आम्ही फळांचा रस काढायची यंत्रं बनवतो. बनवतो म्हणजे कंपनी बनवते. मी आणि मालोजी ती जिथं जातील तिथं जाऊन बसवून देतो, चालवून दाखवतो आणि गिऱ्हाइकाचा चहा पिऊन परत येतो. मालोजी हायड्रॉलिकचा माणूस. चाकणच्या पलीकडच्या एका वाडीतला, जमिनी कंपन्यांत गेल्या तरी बोली जागची हलली नाही. मी समाधान, राहणार आकुर्डी, बापापासून कामगार. आमची कामाची पद्धत ठरलेली आहे. ट्रायलला यंत्र अडलं, की मालोजी पाना घेऊन आत शिरतो आणि तो बाहेर येईपर्यंत मी गिऱ्हाइकाला गोष्टी सांगतो. गिऱ्हाईक गोष्टीत गुंतलं की घड्याळाकडं बघत नाही.

माझ्या गोष्टींवर कंपनीत कुणाचा विश्वास नाही, पण कॅन्टीनमध्ये मी बोलायला लागलो की ताट रिकामं झालं तरी कुणी उठत नाही. नागपूरकडं एका कारखान्यात मालोजीनं प्रेस इतकी दाबली की संत्र्याच्या बिया भिंतीत रुतल्या आणि पावसाळ्यात भिंतीला पालवी फुटली, ही माझीच. "भावा, पालवी मी पण बघितली," असं आता मालोजीसुद्धा म्हणतो.

आजची गोष्ट मात्र कॅन्टीनमध्ये सांगितलेली नाही. ती मालोजीला ठाऊक आहे, माझ्या बायकोला ठाऊक आहे, आणि आणखी एकाला.

२

गेल्या सप्टेंबरात आम्हाला आयर्लंडला पाठवलं. टिपरेरी नावाच्या भागात सफरचंदांची बाग, मालकीण नोरा. साठीची बाई, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हसली की सगळं अंगण हसायचं. तिच्या दगडी कोठारात आम्ही यंत्र बसवलं. बाहेर सारखी भुरभुर. झाडं बुटकी, ओळीत उभी केलेली, आणि गवत इतकं हिरवं की मालोजी म्हणाला, "राव, इथं म्हशी आणल्या तर त्या परत यायच्या न्हाईत."

मला मात्र परतायची घाई होती. आमची एकुलती एक लेक अंजली सात महिने भरून बाळंतपणाला आमच्याकडं येणार होती. बायको शालन रोज फोनवर विचारायची, "तिकडंच घर केलंत का?"

यंत्र चाललं. नोरा खूश झाली. तिनं आम्हाला बाग फिरवली आणि मग झाडांमध्येच एका लांबलचक लाकडी टेबलावर बाटल्या मांडल्या. ती लोकांना पैसे घेऊन चव दाखवते, आम्हाला फुकट. मालोजीला सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू. मला नुसता रस. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात दारू नाही आणि देवाचा कोनाडाही नाही. बाप पिंपरीच्या कंपनीत फौंड्रीला होता; भूत, भगत, अंगारा असलं काही कुणी काढलं की त्याला शिफ्टला उशीर व्हायचा.

पहिला रस ब्रॅमली नावाच्या हिरव्या फळाचा. गुळाशिवाय पन्हं प्यायल्यासारखा, कान हलले माझे. दुसरा लाल फळांचा, गोड, पण गोडीच्या मागं काहीतरी तुरट, जांभळाच्या बीसारखं. तिसऱ्यात काळ्या बोरांसारखी कसली तरी रानफळं. मालोजी सायडरचे घोट घेऊन शेरे मारत होता. "ह्ये शिळ्या ताकावानी हाय... ह्ये मातूर चढंल बरं का... ह्ये आमच्या मेव्हण्याला न्यायला पायजे, लई बोलतो त्यो."

बागेच्या टोकाला, ओळ सोडून, एक म्हातारं झाड होतं. फळांनी वाकलेलं. खाली सडा पडलेला, पण तिथं ना शिडी, ना खोकी.

"ते तोडायचं राहिलं?" मी विचारलं.

"ते आम्ही तोडत नाही," नोरा म्हणाली.

"का?"

"आमचं नाही ते." आणि तिनं पुढची बाटली उघडली.

त्या झाडाखालचं गवत एका जागी दबलेलं होतं. कुणी बराच वेळ बसून नुकतंच उठावं तसं.

३

मालोजी प्यायच्या आधी पेल्यात बोट बुडवतो आणि तीन थेंब जमिनीवर उडवतो. आपल्याकडं पिणारे निम्मे लोक उडवतात. कुणासाठी, ते त्यांनाही धड सांगता येत नाही. नोराला त्याची गंमत वाटली. तिनं विचारलं, हे काय?

मालोजीला इंग्रजी येत नाही. मला येतं, आणि गोष्टही येते.

मी म्हणालो, "जागेचा जो खरा मालक, त्याचा वाटा. आमच्याकडं त्याला दिल्याशिवाय कुणी तोंड लावत नाही."

"फक्त दारूचा?"

आता इथं थांबलो असतो तर मी समाधान कसला. म्हणालो, "छे! सगळ्याचा. घरात जे काही पहिलं येईल ते आधी त्याचं. पहिला घोट, पहिला घास, झाडाचं पहिलं फळ. आमच्या घरात तर हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय."

माझ्या घरात! बाप ऐकता तर फौंड्रीतला चिमटा घेऊन मागं लागला असता. पण बाई डोळे मोठे करून ऐकत होती, आणि ऐकणारा असा मिळाला की माझ्या जिभेला ब्रेक नाही. नवा पेला तिनं नुकताच भरून दिला होता. मी त्यात बोट बुडवलं, त्या म्हाताऱ्या झाडाकडं तोंड केलं, तीन थेंब उडवले आणि नाटकातल्यासारखा हात जोडून मोठ्यानं म्हणालो, "घ्या मालक. आधी तुमचं, मग आमचं!"

मालोजी हसला. नोरा हसली नाही. तिनं बाटल्यांना बुचं लावायला सुरुवात केली. दोन बाटल्यांची चव अजून राहिली होती.

"तिकडं तोंड करून नको होतं," एवढंच ती म्हणाली.

मी पेला उचलला. काठापर्यंत भरलेला पेला बोटभर कमी होता. सांडला असेल म्हणून टेबल बघितलं, कोरडं होतं. घोट घेतला. चव नाही. सफरचंदं धुतलेलं पाणी असावं तसं काहीतरी. दुसऱ्या घोटाला चव परत आली.

निघताना नोरानं मालोजीचा हात हातात घेतला. माझ्याशी बोलताना तिचे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते.

४

आमच्या घरी सकाळचा चहा मी करतो. शालनचा कप आणि माझा कप, दोन्ही काठोकाठ, कारण शालनला अर्धवट कप म्हणजे अपमान वाटतो. परत आल्यानंतरच्या पहिल्याच सकाळी तिनं कप उचलून बघितला.

"परदेशात जाऊन हात आखडला का?"

कप बोटभर कमी. बशी कोरडी. ओटा कोरडा.

"सांडला असेल," मी म्हणालो.

"आणि साखर?"

मी चाखला. साखर नाही, पत्ती नाही, आलं नाही. माझा कप मात्र एकदम फक्कड. एकाच पातेल्यातला चहा, आधी तिच्या कपात ओतलेला.

मग माझ्या लक्षात यायला लागलं. तव्यावरची पहिली पोळी ताटात येईपर्यंत गार व्हायची, तिच्यावरचं तूप थिजायचं. नवीन साबणाला पहिल्या वेळी फेस नाही. भाजीवाल्याकडून आणलेल्या पेरूंपैकी जो आधी कापावा तो मातीसारखा. आणि प्रत्येक वेळी ओट्यापाशी एक वास. ओलं गवत आणि त्यात कुजणारी सफरचंदं. तिसऱ्या मजल्यावर, खिडकीखाली पार्किंग, समोर दुचाकींच्या गॅरेजचा पत्रा. गवत कुठून येणार?

मी स्वतःला समजावलं. प्रवासाचा शीण. नाकाचं काहीतरी. सर्व्हिसचा माणूस एका वेळी एकच गोष्ट बदलून बघतो, तसं मी केलं. सारखे तीन स्टीलचे पेले घेतले आणि पाणी ओतलं. आधी भरलेला कमी. पेल्यांची जागा बदलली. आधी भरलेला कमी. मग डोकं चालवलं: पहिला पेला भरला आणि सरळ मोरीत ओतला. आता दुसरा तरी पूर्ण राहील.

दुसरा कमी झाला. माझ्या डोळ्यांदेखत. पाणी हललंसुद्धा नाही, नुसतं खाली गेलं, जसं कुणी अगदी सावकाश, ओठ न वाजवता पितंय.

ओतून दिलेलं त्याला चालत नव्हतं. आमच्या तोंडचं हवं होतं.

आयुष्यभर माझ्या एकाही थापेवर कुणी विश्वास ठेवला नाही. आणि ठेवला तो यानं.

५

मग आवाज सुरू झाला. लाकडी टेबलावर काचेचा पेला ठेवल्याचा. टक्. जपून, समाधानानं ठेवल्यासारखा. आमच्या घरात लाकडी टेबल नाही. ओटा ग्रॅनाइटचा, जेवायचं टेबल प्लास्टिकचं, पेले स्टीलचे.

सुरुवातीला तो स्वयंपाकघरातून यायचा, काहीतरी पहिलं कमी झालं की लगेच. अंजली आली त्या आठवड्यात तो हॉलमधून यायला लागला. जावई अजिंक्य तिला सोडायला आला होता, त्यानं पेढ्यांचा बॉक्स उघडला, पहिला पेढा मला दिला. मी तोंडात घातला, खडू चावल्यासारखा लागला, आणि सोफ्यामागं टक्.

"काय झालं, बाबा?" अजिंक्यनं विचारलं.

"काही नाही. फार गोड आहे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या दुर्गाबाई अंजलीला बघायला आल्या. त्यांचं पोटाकडं बघून हिशोब करणं, मुलगा की मुलगी ते सांगणं, सगळं झालं. मग म्हणाल्या, "पहिलंच ना गं? मग काय, घरातलं पहिलं नातवंड!"

माझ्या हातातली पाण्याची बाटली निसटली. शालन माझ्याकडं बघत राहिली. मी तिला अजून काहीच सांगितलं नव्हतं, पण ती घरातली पहिली पोळी रोज स्वतः खात होती. तिला काय सांगायचं बाकी होतं?

दुर्गाबाई गेल्यावर आम्ही दोघं आतल्या खोलीत गेलो. शालननं बाळासाठी जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली होती. पहिलं शिवून झालेलं सगळ्यात वर होतं. ते ओलं होतं, थंडगार. उलगडलं, तर घडीत गवताची दोन पाती.

६

"आधी मला सांग," मालोजी म्हणाला, "तू नक्की काय काय बोल्लास तिथं?"

कंपनीच्या गेटबाहेर चहाच्या टपरीवर उभे होतो. मी सगळं सांगितलं, शब्दन्‌शब्द. मालोजीचा चेहरा पडत गेला.

"पहिलं येईल ते सगळं? असं म्हनलास?"

"तू पण थेंब उडवतोस की. तुला का काही होत नाही?"

"आरं, मी तीन थेंब टाकतो आन गप बसतो! तू भाषण केलंस."

मला अशातही हसू आलं. त्याला नाही आलं.

"आता काय करू ते सांग."

"देत ऱ्हा. रोज उंबऱ्याभायेर पान वाढून ठेव. आपनहून दिलं की त्ये भायेर ऱ्हातं, आत शिरत न्हाई. आमच्यात म्हसोबाचं तसंच हाय. फक्त येक हाय, एकदा वाढाय लागलं की बंद करता येत न्हाई."

"आणि बाळ?"

मालोजीनं चहाच्या कपात बघितलं. "त्येच्या बदली दुसरं कायतरी कबूल कर."

"काय?"

"त्ये मी कसं सांगू, राव?"

मी कप ठेवला. "मालोजी, माझ्या बापानं कधी कुठल्या दगडापुढं मान वाकवली नाही. आजोबांनी गावकीची भाकरी सोडली ती कायमची. आणि मी परदेशातल्या एका झाडाखालच्या कोणाला तरी रोज पान वाढू? भ्यायलो म्हणून?"

"भ्यायला न्हाईस व्हय?"

"भ्यायलोय. पण वाढणार नाही."

"मग मर," तो म्हणाला, आणि माझ्या चहाचे पैसे देऊन बसकडं चालायला लागला. थोडा पुढं जाऊन परत आला आणि म्हणाला, "दवाखान्यात जायची येळ आली की मला फोन कर. गाडी घिऊन येतो."

७

शालन मात्र वाढायला लागली होती. मला कळलं ते संध्याकाळी कामावरून आलो तेव्हा. आमच्या दाराबाहेर, चपलांच्या स्टँडशेजारी, एक ताटली. वरण, भात, पोळीचा चतकोर, वाटीत दूध. भाताच्या मधोमध एक खळगा, घास उचलल्यासारखा, आणि खळग्याच्या कडेचे दाणे गोठून पांढरेशुभ्र.

"हे काय आहे?"

"दिसतंय की," ती दारातूनच म्हणाली.

"आपल्या घरात हे चालत नाही, शालन."

"आपल्या घरात?" तिचा आवाज खाली गेला, कारण आत अंजली झोपली होती. "थाप तुम्ही मारायची आणि किंमत माझ्या पोरीनं द्यायची? मी रोज ठेवीन. दोन वेळा ठेवीन. माझी बाळंतीण सुखरूप सुटू दे, मग तुमच्या तत्त्वांच्या आरत्या ओवाळू."

"ठेवलंस तर ते जाईल असं वाटतं तुला? उंबऱ्यावर वाढलं की पाहुणं होतं. मग पाहुण्याला आत बोलवावं लागतं."

"मग तुम्ही काय करणार आहात? सांगा ना. गोष्ट सांगणार?"

बोलण्यात मी पहिल्यांदाच हरलो, तेही बायकोसमोर, जिच्यासमोर मी रोज हरतो पण कबूल करत नाही. म्हणून मी खाली बसलो, दाराबाहेर, चपलांशेजारी, आणि ती ताटली मांडीवर घेऊन जेवायला लागलो. गोठलेल्या भातासकट. त्या भातानं दात शिवशिवले, चव शून्य. मी चावत राहिलो. समोरच्या फ्लॅटमधला माणूस दार उघडून बघून गेला. मी त्याला "या जेवायला" म्हणालो.

शेवटी वाटी तोंडाला लावून दूध संपवलं आणि रिकाम्या जिन्याकडं बघून म्हणालो, "संपलं. इथं तुझं काही नाही."

टक्.

या वेळी जपून नाही. आदळून. आणि आवाज जिन्यातून आला नाही. माझ्या पाठीमागून, घरातून आला.

आतल्या खोलीतून अंजलीनं हाक मारली, "बाबा, कोण आलंय? केवढा गार वारा आला."

शालन तोंडावर हात ठेवून आत पळाली. त्या दिवसापासून तिनं ताटली ठेवली नाही. पण माझ्याशी बोलणंही बंद केलं.

८

दिवाळीनंतर, एका दुपारी, जेवणं चालू असताना अंजलीला कळा सुरू झाल्या. मालोजी खरंच गाडी घेऊन आला. चिंचवडचा दवाखाना, दुसरा मजला. शालनला डॉक्टरांनी आत घेतलं, कारण अंजली तिचा हात सोडेना. मालोजी औषधं आणायला खाली गेला. अजिंक्य चाकणच्या चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकला होता, म्हणजे कुठंच नव्हता.

मी बाहेर एकटा. लांब, उजळ कॉरिडॉर, फिनेलचा वास, स्टीलच्या खुर्च्या. प्रसूतिगृहाला आतल्या बाजूला उघडणारी दारं, दाराच्या वरच्या भागात गोल काच. आतून अंजलीचं ओरडणं येत होतं आणि मध्येच शालनचं "झालं, झालं, बाळा". त्या दोघींच्या आवाजावर मी उभा होतो.

फिनेलचा वास विरला. ओलं गवत. कुजकी सफरचंदं.

कॉरिडॉरच्या टोकाला टक्. मग खुर्च्यांच्या मध्यावर टक्. मग माझ्या अगदी मागं.

मी दाराला पाठ लावली नाही. दाराकडं तोंड करून दोन्ही हँडल हातांत धरली आणि पाय रोवले. मागं कोण आहे ते बघायची मला हिंमत नव्हती, हे खरं आहे. पण हात माझे होते आणि हँडल हातात होतं.

मी बोलायला तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज आला नाही. पहिला शब्द त्यानं घेतला होता. ठीक आहे, घे. दुसऱ्या शब्दापासून पुढं मी जे बोललो ते इथं छापता येणार नाही. पंचवीस वर्षं शॉप फ्लोअरवर शिकलेलं सगळं काढलं. मग श्वास घेतला आणि म्हणालो, "थाप होती ती! ऐकतोस का? माझ्या घरात पहिला वाटा कुणाला देत नाहीत. कधी दिला नाही. मी खोटं बोललो आणि तू खरं मानलंस, तो तुझा प्रश्न!"

दार माझ्या हातात आतल्या बाजूला झुकायला लागलं. धक्का नव्हता. मागून माझ्या अंगावर एक वजन रेललं होतं, घाई नसलेलं, ज्याला आपली पाळी येणारच हे माहीत आहे असं.

तेव्हा समोरच्या गोल काचेत मला ते दिसलं. जेवढं दिसलं तेवढंच सांगतो. माझ्या खांद्याच्या वर, जिथं माणसाचा चेहरा असायला हवा त्याच्याही बरंच वर, काहीतरी कॉरिडॉरच्या दिव्यांआड येत होतं. त्याच्याकडं मी बघितलं नाही. माझ्या कानाशेजारून पुढं आलेले दोन हात बघितले. लांब. नखांत माती. दोन्ही तळवे जोडून ओंजळ केलेली, आणि ओंजळ दाराकडं धरलेली. रिकामी. थरथरणारी.

माझी पकड क्षणभर ढिली झाली, ते भीतीनं नव्हे. ओंजळ मला माहीत होती. माझे आजोबा तरणे असताना पाटलाच्या विहिरीवर अशीच ओंजळ करून उभे राहायचे. वरून कुणीतरी पाणी ओतायचं, ओतलं तर. बापानं मला ते एकदाच करून दाखवलं होतं, स्वतःचे हात जोडून, आणि मग ते हात पँटला पुसले होते. कुणास ठाऊक, हे जे कोणी आहे ते किती काळ त्या झाडाखाली असंच बसून आहे.

दार बोटभर उघडलं. आत अंजलीनं किंकाळी फोडली.

"नाही," मी म्हणालो. आवाज शांत निघाला, माझा मलाच ओळखू आला नाही. "माझा आजा पाणी मागत होता. कुणाचं लेकरू मागत नव्हता."

आणि दार ओढून घेतलं.

माझ्या उजव्या हातावर एक हात आला. त्या थंडीचं वर्णन मला करता येत नाही, आणि वर्णन न करता आलेली माझ्या आयुष्यातली ही एकच गोष्ट. बोटं बधिर झाली, मग मनगट. मी हँडलवर कपाळ टेकवलं आणि ओढत राहिलो.

मग आत बाळ रडलं. पहिलं रडणं. सुरुवातीपासून, अख्खं, असं कडक की खालच्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी बाळानं त्याला साथ दिली.

वजन उतरलं.

काही वेळानं नर्सनं आतून दार ओढलं, ते उघडेना. "काका, सोडा की दार! मुलगी झाली. आवाज ऐकलात का? नुसता भोंगा आहे."

मालोजी औषधांची पिशवी घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभा होता. तो माझ्याकडं बघत नव्हता. फरशीवर बघत होता. झाडूवाल्या बाई बादली घेऊन आल्या आणि करवादल्या, "कोन मेलं गवताचं पाय घिऊन फिरतंय दवाखान्यात?"

"गेलं?" मालोजीनं हळूच विचारलं.

मी उजवी मूठ उघडायचा प्रयत्न केला. उघडली नाही.

९

गेलेलं नाही.

शालनचा चहा अजून बोटभर कमी असतो. आता मी तिच्या कपात पातेल्यातला आणखी थोडा ओततो आणि ती तो पिते. बोलणं मात्र सुरू झालंय. दवाखान्यातून निघताना तिनं माझी ती मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली होती, घरापर्यंत. मूठ दोन दिवसांनी उघडली. पण त्या हाताला अजून ऊन लागत नाही की चहाचा कप पोळत नाही. कंपनीतली पोरं म्हणतात, काकांनी नवीन गोष्ट काढली.

मला वाटलं होतं की बाळ जन्मलं की संपलं. एकदाचं पहिलं होऊन गेलं. मूर्ख होतो. अंजलीनं परवा सहज, बाळाला न्हाऊ घालता घालता म्हटलं, "बाबा, आता हिचं पहिलं हसू, मग पहिला दात, मग पहिलं पाऊल. मी सगळ्यांचे फोटो काढणार आहे." शालननं माझ्याकडं बघितलं. मी हिशोब करायला लागलो आणि सोडून दिला. पहिला घास. पहिला शब्द. शाळेचा पहिला दिवस. लहान लेकराकडं पहिल्याशिवाय असतंच काय? सगळंच तर यायचं आहे.

मालोजी काल बाळ बघायला आला होता. पाळण्याजवळ उभा राहिला. मग म्हणाला, "राव, आता तरी कायतरी कबूल कर. म्हातारा हुशील उभा ऱ्हाऊन."

"होऊ दे."

"किती वर्सं करशील?"

"कंपनीत डबल शिफ्ट केल्यात, मालोजी. हे बसून करायचं काम आहे."

मी जेवायच्या टेबलाची खुर्ची आणून पाळण्याशेजारी ठेवली आहे. रिटायर व्हायला अजून वेळ आहे, पण रजा भरपूर साठल्यात. आज दुपारी अंजली झोपली होती, शालन गॅलरीत दुपटी वाळत घालत होती. बाळ जागं होतं, माझ्या चष्म्याकडं टक लावून. तिच्या ओठांचा एक कोपरा हलला. मग दुसरा. आणि त्याच क्षणी खोलीत गवताचा वास भरला. पाळण्याची दोरी जड झाली, पलीकडून कुणीतरी धरल्यासारखी. बाळाच्या अंगावर एक सावली सरकत आली, ओंजळीच्या आकाराची.

मी खुर्ची पुढं ओढली. माझा तो बधिर हात पाळण्यावर आडवा धरला. त्याला आता थंडी लागत नाही, ही त्या ‘मालका’चीच देणगी. सावली हातावर येऊन थांबली.

बाळ माझ्याकडं बघून हसलं. बोळकं तोंड, लाळ, सगळं. पूर्ण हसलं.

सावली हलली नाही. मीही हललो नाही.

"राहा उभा," मी त्याला म्हणालो. "मी बसलोय."